दुकान तळावर, सही वॉशिंग्टनमध्ये

२०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सेनेटपुढे डोनाल्ड ट्रम्प यांच्या खटल्यात प्रश्न आला की पद सोडून गेलेल्या माणसावर महाभियोग चालवता येतो का. त्या निमित्ताने दीडशे वर्षांपूर्वीचे एक विसरलेले नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आले. विल्यम बेल्कनॅप, राष्ट्राध्यक्ष ग्रँटचा युद्धमंत्री. इंडियन टेरिटरीतल्या, म्हणजे आजच्या ओक्लाहोमातल्या, फोर्ट सिल या लष्करी तळावर दुकान चालवण्याचा मक्ता दिल्याबद्दल त्याच्या घरी पैसे पोचत होते, हे १८७६ मध्ये उघडकीला आले. २ मार्चला सकाळी त्याने ग्रँटच्या हाती राजीनामा दिला आणि त्याच दिवशी प्रतिनिधीगृहाने एकमताने त्याच्यावर महाभियोग ठेवला. राजीनामा आधी की आरोप आधी, यावर तेव्हा वकिलांनी काही महिने काथ्याकूट केला. २०२१ मध्ये तोच काथ्याकूट पुढे चालू झाला. जे वकिलीच्या बाजूने बोलत नव्हते ते नीतीच्या बाजूने बोलले: लष्करात खासगी व्यापाऱ्याला शिरू दिले की असेच होणार, व्यापारी म्हणजे सैन्याच्या अंगाला चिकटलेली जळू. दोन्ही बाजूंचे पुष्कळ वाचले. त्या दुकानात पैसे मोजणारा शिपाई मात्र कुठेच दिसला नाही. मंत्र्याच्या घरी गेलेला प्रत्येक डॉलर आधी कोणाच्या तरी खिशातून निघाला होता, याची आठवण ना घटनातज्ज्ञांना झाली, ना नीतीच्या कैवाऱ्यांना.

माझे म्हणणे सरळ आहे. सरहद्दीवरच्या फौजेला दुकानाची गरज होती आणि ते दुकान चालवायला अंगावर जोखीम घेणारा माणूसही लागत होता. तो लोभी होता की सज्जन होता, याने फारसे काही बिघडत किंवा सुधारत नव्हते. त्याचा मक्ता कोणाच्या हातात आहे, यावर सगळे ठरत होते. मक्ता देणारा त्याच दुकानातून तंबाखू आणि चीज विकत घेत असेल तर भाव एका जागी राहतात. तो हजार मैलांवर बसत असेल आणि दुकानाचा उंबरठाही त्याने पाहिलेला नसेल, तर सज्जन दुकानदारसुद्धा लुटारू होतो.

हा धंदा कसा होता ते आधी पाहू, कारण त्यावर बोलणाऱ्यांना बहुधा तेच माहीत नसते. अशा दुकानदाराला आधी ‘सटलर’ म्हणत, पुढे ‘पोस्ट ट्रेडर’ म्हणू लागले. त्याला लष्करात हुद्दा नव्हता, पगार नव्हता, पेन्शनही नव्हते. तळाच्या हद्दीत दुकान मांडण्याचा एकट्याचा हक्क, एवढेच त्याला मिळे. बदल्यात तळावरच्या दर माणसामागे महिन्याला काही सेंट तो ‘पोस्ट फंडा’त भरी. त्या फंडातून तळाचे वाचनालय चाले, बँडचा खर्च निघे. मालाचे निरख ठरवायला तळावरच्याच अधिकाऱ्यांची परिषद असे, ‘कौन्सिल ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन’. वायोमिंगमधल्या फोर्ट लारामीचे उदाहरण घ्या. १८४९ मध्ये लष्कराने तो तळ चामड्याच्या व्यापारी कंपनीकडून ४,००० डॉलरला विकत घेतला आणि त्याच वर्षी तिथे सटलरचे दुकान उभे राहिले. कच्च्या विटांच्या जाड भिंतींचे ते दुकान अजून उभे आहे. १८६७ मध्ये रेल्वे त्या भागातल्या शायेन गावी पोचली. तोवर तिथला माल मिसुरी नदीकाठच्या लेव्हनवर्थहून बैलगाड्यांनी येत असे. अंतर सहाशे मैलांहून जास्त, तांड्याची चाल दिवसाला बारा-पंधरा मैल, म्हणजे वाटेतच दीड महिना. बैलांना चारा हवा म्हणून गवत उगवल्याशिवाय तांडा निघत नसे. थोडक्यात, पुढच्या हिवाळ्यात शिपायाला काय हवे असेल याचा अंदाज वर्षभर आधी बांधायचा, पदरचे पैसे घालून माल भरायचा, आणि गाडी नदीत उलटली किंवा वाटेत लुटली गेली तर नुकसान आपल्याच माथ्यावर घ्यायचे. वर, दुकानाची इमारत सरकारी जमिनीवर. तळ हलवण्याचा हुकूम आला की त्या भिंतींची किंमत शून्य.

आणि शिपायाला काय मिळे? सरकारी शिधा म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, दगडासारखी बिस्किटे, घेवड्याचे दाणे आणि कॉफी. अनेक तळांवर त्या शिध्यापायी स्कर्व्ही, म्हणजे ताज्या भाजीफळांअभावी होणारा आजार, होत असे. डबाबंद टोमॅटो, पीच, सार्डिन, सुईदोरा, पत्र लिहायला कागद, हे सगळे सटलरच्या फळीवर. बऱ्याच ठिकाणी टपालही त्याच्याच दुकानात उतरे. फोर्ट ब्रिजरचा विल्यम कार्टर १८५७ मध्ये फौजेबरोबर तिथे आला आणि १८८१ मध्ये मरेपर्यंत दुकानदारच राहिला. आपल्या मुलांसाठी त्याने १८६० मध्ये शाळेची खोली बांधली, ती वायोमिंगमधल्या पहिल्या शाळांपैकी एक. चोवीस वर्षांत किती पलटणी आल्या आणि गेल्या, दुकानदार तोच. त्याला जळू म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तो नसता तर त्या शिपायाला डिसेंबरात टोमॅटोचा डबा कोणी दिला असता?

आता दुसरी बाजू मान्य करतो, आणि हातचे न राखता मान्य करतो. सटलरने शिपायाला नाडले नाही असे मी म्हणत नाही. नाडले, आणि त्याची रीत ठरलेली होती. नियमाप्रमाणे पगार दोन महिन्यांनी व्हायचा. प्रत्यक्षात पगार वाटणारा अधिकारी दूरच्या तळांवर त्याहून उशिरा पोचे. मधल्या काळात खिसा रिकामा, म्हणून उधारी. उधारीवर सटलर पितळेचे किंवा पुठ्ठ्याचे बिल्ले देई. त्यावर छापलेले असे, पंचवीस सेंटचा माल मिळेल. माल त्याच दुकानात मिळणार, दुसरीकडे त्या बिल्ल्याला कवडीची किंमत नाही. मग पगाराचा दिवस उजाडे. टेबलामागे पगारवाटप अधिकारी आणि शेजारी खातेवही उघडून बसलेला सटलर. शिपायाचे नाव पुकारले की पानावर बोट फिरे, आकडा वाचला जाई, आणि दोन-तीन महिने उन्हाबर्फात काढलेल्या माणसाच्या हातात उरलेली मोड पडे. यादवी युद्धाच्या काळात हे इतके माजले की १८६२ मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, कायदा करावा लागला. सटलरचा हक्क पगाराच्या चौथ्या हिश्श्यापुरता ठेवला, दारू विकायला बंदी केली, कोणता माल विकायचा त्याची यादी घालून दिली. चिडलेले शिपाई रात्री सटलरच्या तंबूचे दोर कापून माल लुटत, आणि वरिष्ठ अनेकदा तिकडे कानाडोळा करत. ही चीड खोटी नव्हती.

पण मूळ कुठे आहे ते पाहा. शिपायाला कर्जात ढकलले ते पगाराच्या उशिराने. दुकानदाराने त्या उशिराचा फायदा घेतला हे खरे, पण उशीर त्याने केला नव्हता. आपल्याकडे हाच गोंधळ आपण एका शब्दात साठवून ठेवला आहे: बाजारबुणगे. पानिपताची चर्चा निघाली की भाऊसाहेबांच्या छावणीतल्या बुणग्यांना पहिला दोष दिला जातो. फौजेबरोबर यात्रेकरू आणि बिनलढाऊ माणसे भरमसाट होती, यात शंका नाही. त्यांचा भार पडला हेही खरे. पण जानेवारी १७६१ मध्ये छावणी उपाशी मरत होती ती बाजार होता म्हणून, की बाजारात यायचे धान्य तुटले म्हणून? डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसदेची वाट बंद झाली, आणि तलवार चालण्याआधी छावणीतला बाजार ओस पडला. याच्या उलट चित्र चाळीस वर्षांनंतरचे. १८०३ च्या दख्खनच्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज वंजाऱ्यांच्या बैलांवरून येणाऱ्या धान्यावर चालली. ते वंजारी स्वतःचा माल स्वतःच्या जोखमीवर आणणारे व्यापारी होते. त्यांना कोणी बुणगे म्हणून हाकलले नाही.

त्याहून जुना दाखला शिवाजी महाराजांच्या चिपळूणच्या लष्कराला लिहिलेल्या पत्राचा. पत्र सगळ्यांना माहीत आहे, पण ते बहुधा रयतेच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून वाचले जाते. त्यात बाजाराविषयी काय म्हटले आहे तेही वाचावे. दाणा, गवत, फाटे, भाजीपाला, जे विकायला येईल ते रास भावाने घ्या, बाजारात जा, विकत आणा, कोणावर जुलूम करू नका. नाहीतर लोक म्हणतील, मोगल आले तेव्हाही इतका त्रास नव्हता. फौजेला बाजार नसेल तर ती उपाशी राहत नाही, ती लुटते, हे त्या पत्राला पुरते कळले होते. म्हणून छावणीतला व्यापारी हा रयतेच्या आणि शिपायाच्या मधला बांध असतो. बांधाला भगदाडे पडतात म्हणून बांधच काढून टाका, असे शेतकरी कधी म्हणत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. व्यापारी हवा ते ठीक, पण एकच का? चार दुकाने येऊ द्या, स्पर्धेने भाव आपोआप उतरतील. शहरात हे मला पटले असते. पण दोन-तीनशे माणसांचा तळ आणि महिन्याला माणशी १३ डॉलर पगार, एवढ्या गिऱ्हाइकावर चार जणांनी वर्षाचे भांडवल वाटेवर अडकवायचे? डबाबंद फळे आणि कागद-पेन्सिलीसाठी चौघे आलेच नसते. जे आले ते कशासाठी आले ते आपल्याला माहीत आहे. १८७० च्या दशकात फोर्ट लारामीच्या हद्दीबाहेर, तीनेक मैलांवर, मोकळ्या धंद्याची ठिकाणे उभी राहिली. त्यांना ‘हॉग रँच’ म्हणत. तिथे व्हिस्की आणि बायका होत्या, टोमॅटो नव्हते. त्यांच्यावर ना परिषदेचा निरख होता, ना कोणाची देखरेख. मोकळी स्पर्धा सरहद्दीवर आली ती अशी.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: सरकारनेच दुकान चालवावे, खरेदीच्या भावात माल द्यावा. हा प्रयोग अमेरिकेने करून पाहिला. जुलै १८६६ च्या कायद्याने सटलरचे पदच रद्द केले. १ जुलै १८६७ पासून लष्कराच्या रसद खात्याने शिपायांना मूळ किमतीत माल पुरवावा असे ठरले. कायदा कागदावर देखणा होता. पण तो अमलात यायच्या आधीच, मार्च १८६७ मध्ये, त्याच काँग्रेसला ठराव करून शंभराव्या रेखावृत्ताच्या पश्चिमेकडच्या तळांवर पुन्हा व्यापाऱ्यांना परवानगी द्यावी लागली. का? शिधा पोचवतानाच जे खाते मेटाकुटीला येत होते, ते सार्डिनचे डबे आणि सुईदोरे कुठून पोचवणार? मूळ किमतीत विकायचे तर वाहतुकीचा आणि नासाडीचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा? या प्रश्नांची उत्तरे कायद्यात नव्हती.

‘मग पुढे कॅन्टीन यशस्वी झाले ते कसे?’ हा प्रश्न मला कोणी विचारला तर मला आनंदच होईल, कारण माझा सगळा मुद्दा तिथे आहे. १८८० मध्ये वायव्य अमेरिकेतल्या व्हँकुव्हर बॅरॅक्सच्या तळावर हेन्री मॉरो या अधिकाऱ्याने शिपायांसाठी तळाचेच दुकान आणि बसायची जागा सुरू केली. नफा शिपायांकडेच परत, त्यांच्या मुदपाकखान्यात, त्यांच्या करमणुकीत. ते पसरत गेले, १८९० च्या दशकात त्याला ‘पोस्ट एक्स्चेंज’ हे नाव मिळाले आणि पोस्ट ट्रेडर इतिहासजमा झाला. पण याला सरकारी दुकान म्हणणे चूक आहे. ते तळाचे दुकान होते. हिशेब तळावर, भाव तळावर, नफा तळावर. आणि ते जमले ते रेल्वे पोचल्यावर, जेव्हा माल आणणे हा वर्षभराचा जुगार उरला नव्हता. जोखीम संपली तेव्हा जोखीम घेणाऱ्याची गरज संपली. १८५० मध्ये हेच कॅन्टीन उघडले असते तर पहिल्याच हिवाळ्यात बंद पडले असते, असे मला वाटते.

आता फोर्ट सिल. १८७० च्या जुलैमध्ये काँग्रेसने कायदा केला आणि तळांवरचे दुकानदार नेमण्याचा अधिकार थेट युद्धमंत्र्याला दिला. सगळ्या दुकानांच्या किल्ल्या वॉशिंग्टनमधल्या एका टेबलावर गोळा झाल्या. फोर्ट सिलला जॉन इव्हान्स नावाचा दुकानदार आधीच होता, त्याचा माल भरलेला होता, इमारत बांधलेली होती. बेल्कनॅपच्या पत्नीच्या शब्दावरून मक्ता मिळाला न्यूयॉर्कच्या केलेब मार्शला. मार्शला दुकान चालवायचे नव्हते. इव्हान्सने आपल्याच दुकानात राहण्यासाठी मार्शला वर्षाला १२,००० डॉलर द्यायचे, असा करार झाला. मार्श त्यातले अर्धे बेल्कनॅपच्या घरी धाडू लागला. पत्नी त्याच वर्षअखेरीस वारली, तरी हप्ते थांबले नाहीत. पुढे रक्कम निम्म्यावर आली, रीत तीच राहिली.

हिशेब मांडून पाहा. तळावर पाचशे माणसे धरली तर १२,००० डॉलर म्हणजे माणशी वर्षाला २४, महिन्याला २. १८७१ नंतर साध्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर होता. गिऱ्हाइकांत गुराखी होते, आसपासच्या जमातींचे लोक होते, म्हणून सगळा बोजा शिपायांवरच पडला असे नाही. पण निम्मा पडला तरी महिन्याला एक डॉलर. आणि शिपाई कोण होते? फोर्ट सिल उभारणाऱ्यांत आणि राखणाऱ्यांत दहावी घोडदळ पलटण होती, काळ्या शिपायांची. त्यातले कितीतरी जण काही वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर पगार घेणाऱ्या माणसाच्या तंबाखूच्या वडीवर वॉशिंग्टनमधल्या दिवाणखान्याचा कर बसला होता. महाभियोगाच्या चर्चेत या माणसाला जागा का नाही, हे मला खरोखर कळत नाही.

आपल्याकडच्या इतिहासात या व्यवहाराला नेमका शब्द आहे: पोटमक्ता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती, म्हणजे मुलखाच्या वसुलीचे अधिकार, जास्त बोली लावणाराला मक्त्याने जाऊ लागल्या. मक्तेदार पुण्यात बसे, तालुके पोटमक्त्याने दुसऱ्याला देई, तो तिसऱ्याला. प्रत्येकाने आपला हात ओला केल्यावर उरलेला भार रयतेवर. पोटमक्तेदार मुळात क्रूर होता असे नाही. वर भरलेली रक्कम खालून काढल्याशिवाय तो उभाच राहू शकत नव्हता. त्याआधीच्या पेशवाईत वसुली करणाऱ्या कमाविसदाराच्या शेजारी हिशेबावर नजर ठेवणारे दरखदार असत, त्यांची नेमणूक कमाविसदाराच्या हातात नसे आणि त्यांच्या सहीशिवाय हिशेब पुरा होत नसे. तो पहारा ढिला पडला आणि मामलत ही दुकानासारखी विकली गेली. इव्हान्सची गत वेगळी नव्हती. १२,००० आधी काढायचे, मग स्वतःचा नफा. निरखाची परिषद असो वा नसो, तो भाव चढवणारच होता.

परिषद म्हणजे देवाचा दरबार, असा माझा दावा नाही. परिषदेत बसणारे अधिकारी स्वतः सटलरकडून उधार घेत, त्याच्याकडे पत्ते खेळत, आणि ज्याचे देणे आहे त्याचे भाव पाडायला कोणाची जीभ रेटते? हा दोष खरा आहे. तरीही जवळच्या माणसाची एक लाज असते. तोच चीजचा तुकडा त्याच्याही ताटात येतो, आणि रोज सकाळी कवायतीला तेच चेहरे समोर उभे राहतात. जिथे ही लाजही नव्हती तिथे काय झाले तेही त्याच दुकानात दिसते. लाकोटा आणि इतर मूळ अमेरिकन जमातींचे लोक बायसनची कातडी घेऊन सटलरच्या फळीसमोर उभे राहत. त्यांच्यासाठी निरख ठरवणारी परिषद कधीच बसली नाही. ज्यांच्या जमिनीवर ते दुकान उभे होते त्यांना भावात शब्द नव्हता, आणि सगळ्यांत वाईट सौदा त्यांच्याच वाट्याला आला. हा सटलरवरचा सर्वांत मोठा आरोप आहे. मी तो पुसू शकत नाही, पुसू इच्छितही नाही. मक्त्यावर गिऱ्हाइकाचा हात नसला की काय होते, याचा याहून कडू पुरावा मला माहीत नाही.

तळावर कोणालाच हे दिसत नव्हते का? दिसत होते. कर्नल विल्यम हेझनने फोर्ट सिलचा प्रकार १८७२ मध्येच काँग्रेसच्या कानावर घातला, ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ने तो छापला. मक्तेदाराने धंदा स्वतः करावा, असा हुकूम युद्धखात्याने काढला आणि हप्ते चालूच राहिले. हेझनची रवानगी डाकोटातल्या दूरच्या फोर्ट ब्युफर्डला झाली. १८७६ च्या वसंतात घोडदळाचा अधिकारी जॉर्ज कस्टर याने या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या हेस्टर क्लायमरच्या समितीपुढे दुकानदारांविषयी साक्ष दिली आणि ग्रँटचा रोष ओढवून घेतला. जूनमध्ये कस्टर लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मारला गेला. ज्यांना भाव माहीत होते त्यांच्या हातात सही नव्हती, आणि ज्यांच्या हातात सही होती त्यांना भावाशी देणेघेणे नव्हते.

म्हणून १८७६ सालातली एक तारीख मला महाभियोगाच्या निकालाहून मोठी वाटते. निकाल लागला १ ऑगस्टला. सेनेटमधल्या बहुमताने बेल्कनॅपला दोषी म्हटले, वेगवेगळ्या आरोपांवर ३५ ते ३७ विरुद्ध २५ अशी मते पडली, पण दोन तृतीयांश भरली नाहीत आणि तो सुटला. २०२१ मध्ये सगळ्यांनी ही तारीख घोकली. तिच्या आठ दिवस आधी, २४ जुलैला, लष्कराविषयीच्या एका कायद्यात काँग्रेसने दोन-तीन ओळींचे कलम घातले होते. प्रत्येक तळावर एक व्यापारी असावा, त्याला युद्धमंत्र्याने नेमावे, मात्र तळाच्या परिषदेने शिफारस केली आणि तळाच्या प्रमुखाने ती मान्य केली तरच.